घरचा केक, घरचा पाव आणि वहीतलं ‘अंदाजे’: बेकिंग नव्याने शिकणाऱ्यांसाठी

पाककृतीत लिहिलेलं असतं, ‘४० मिनिटं भाजा.’ तुमचा ओव्हन वेगळा, डबा वेगळा, अंडी फ्रिजमधून नुकतीच काढलेली. ४० मिनिटांनी केक कडेला करपलेला आणि मधे कच्चा निघतो, आणि माणूस म्हणतो की हे काही आपलं काम नाही. तसं काही नसतं. कुठली गोष्ट मोजायची आणि कुठली बघायची, एवढं आधी पक्कं करावं लागतं. साहित्य मोजायचं, तेही काट्यावर. मळून झालं का, फुगलं का, भाजलं का, हे मात्र बघायचं, हुंगायचं, बोटाने दाबून पाहायचं. घरातली जुनीजाणती माणसं ‘अंदाजे घे गं’ म्हणतात, तेव्हा पहिला भाग त्यांच्या हाताला पाठ झालेला असतो. आपल्या हाताला तो अजून पाठ नाही, म्हणून काटा हवा.

जुन्या पद्धतीचं बेकिंग म्हणजे इथे मला एवढंच अभिप्रेत आहे: प्रीमिक्सचा पुडा नाही, मैदा-बटर-साखर-अंडी-यीस्ट-मीठ इतकंच सामान, आणि शक्यतो हातानेच काम. आधी साधा केक करा, मग पाव. उलट क्रमाने गेलात तरी चालेल, पण केक पहिल्याच वेळी बऱ्यापैकी होतो आणि घरच्यांचा पाठिंबा मिळतो, तो पुढे पावाच्या वेळी कामी येतो.

सामान

एकाच गोष्टीवर पैसे खर्च करायचे असतील तर ते डिजिटल वजनकाट्यावर करा. १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा पुरे. कपाचं माप फसवं असतं. मैदा चमच्याने हलका भरून वरून सुरी फिरवली तर एका कपात सुमारे १२० ग्रॅम बसतो. तोच कप थेट डब्यात खुपसून भरला तर १५० ग्रॅमपर्यंत जातो. म्हणजे एकाच पाककृतीत पाव भागाचा फरक, आणि तोही नकळत. त्यात कपही दोन प्रकारचे. अमेरिकी कप सुमारे २३७ मिलिलीटरचा, मेट्रिक कप २५० चा. सपाट भरलेले कप आणि चमचे घरोघरी रुजवण्यात अमेरिकेतल्या फॅनी फार्मर यांच्या १८९६ सालच्या पाकपुस्तकाचा मोठा वाटा आहे. त्याआधी ‘चहाची वाटी’ आणि ‘मूठभर’ असाच कारभार होता, त्यामुळे ती सुधारणाच होती. पण काटा आता सहज मिळतो, तेव्हा कपांच्या भानगडीत पडू नका.

बाकी सामान थोडकं. एक लोफ टिन म्हणजे लांबट चौकोनी डबा (साधारण २३ बाय १३ सेंटिमीटर), एक मोठं खोलगट भांडं, चाळणी, लाकडी चमचा, कडा खरवडायला मऊ उलथनं, बेकिंग पेपर आणि भाजलेलं निवायला जाळी. टिन फिकट रंगाचं, साध्या धातूचं घ्या. काळ्या टिनमध्ये कडा लवकर तांबूस होतात, त्यामुळे तसं असेल तर तापमान १० ते १५ अंशांनी खाली ठेवायचं. सिलिकॉनचे साचे दिसतात छान, केक निघतोही पटकन, पण उष्णता हळू पोचत असल्याने कडांना रंगच धरत नाही. मला ते फारसे पटलेले नाहीत.

ओव्हनशी ओळख

घरगुती ओव्हनची खुंटी १८० वर असली म्हणजे आत १८० असतंच असं नाही. १०-२० अंशांचा फरक सर्रास असतो. ओव्हनमध्ये टांगायचा छोटा थर्मामीटर मिळतो, तो घ्या आणि आतच राहू द्या. ओव्हन किमान १५ ते २० मिनिटं आधी लावा. दिवा विझला किंवा टिंग वाजलं म्हणजे आतली हवा तापली. भिंती तापायला अजून वेळ लागतो, आणि दार उघडताच हवा बाहेर जाते.

दुसरी गोष्ट, प्रत्येक ओव्हनला एखादा तापट कोपरा असतो. तो शोधायची सोपी रीत: जाळीवर पावाचे साधे स्लाइस शेजारी शेजारी मांडा, १८० अंशांवर दहाएक मिनिटं ठेवा आणि काढून त्याच क्रमाने ओट्यावर लावा. डावीकडचा मागचा स्लाइस तपकिरी आणि पुढचे अजून पांढरेच, असं काहीतरी दिसेल. बस, नकाशा मिळाला. यापुढे वेळेच्या दोन-तृतीयांशावर टिन फिरवायचं. पंखा असलेल्या ओव्हनमध्ये पाककृतीत दिल्यापेक्षा २० अंश कमी लावायचे. या लेखातली तापमानं पंख्याविना आहेत, सेल्सियसमध्ये.

पहिला केक: चार गोष्टी, एकच वजन

अंडी, बटर, साखर, मैदा हे चारही समान वजनाचे घेऊन होणारा केक अठराव्या शतकापासून युरोपात होत आला आहे. इंग्रजीत त्याला पाउंड केक म्हणतात, कारण प्रत्येक जिन्नस एक पाउंड असायचा. फ्रेंच लोक त्यालाच ‘चार चतुर्थांश’ अशा अर्थाच्या नावाने ओळखतात. पाककृती लक्षात ठेवावीच लागत नाही, म्हणून शिकायला ही सर्वांत उत्तम.

तीन अंडी टरफलासकट वजन करा. समजा १८० ग्रॅम भरली. मग १८० ग्रॅम बिनमिठाचं बटर, १८० ग्रॅम बारीक दाण्याची साखर, १८० ग्रॅम मैदा. मैद्यात ६ ग्रॅम बेकिंग पावडर आणि दोन चिमटी मीठ घालून चाळून ठेवा. मूळच्या केकमध्ये बेकिंग पावडर नव्हतीच, सगळी भिस्त फेटण्यावर होती. पण सुरुवातीला हिचा आधार असलेला बरा.

पहिली पायरी, बटर आणि अंडी तासभर आधी बाहेर काढून ठेवणे. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि बहुतेक केक इथेच बिघडतात. बटर १८ ते २० अंशांवर हवं: बोट दाबलं तर खड्डा पडतो, पण बोटाला तेलकटपणा लागत नाही आणि बटर चकाकत नाही. घाईत मायक्रोवेव्हमध्ये अर्धवट वितळवलेलं बटर चालत नाही. का, ते पुढच्या पायरीत कळेल.

दुसरी पायरी, बटर आणि साखर फेटणे. साखरेचे टोकदार दाणे बटरमध्ये घुसतात आणि प्रत्येक दाण्यासोबत थोडी हवा आत ओढली जाते. केकची सगळी जाळी या बुडबुड्यांवर उभी राहते. बेकिंग पावडर नवे बुडबुडे तयार करत नाही, आधीचेच मोठे करते. वितळलेल्या बटरमध्ये हवा टिकत नाही, म्हणून वितळवलेलं नको. लाकडी चमच्याने दहा-बारा मिनिटं, हातमिक्सरने चार-पाच मिनिटं. लक्षण असं की पिवळं मिश्रण फिकट, जवळजवळ पांढरट होतं, भांड्यात वाढलेलं दिसतं आणि चमच्यावरून सहज सुटतं. बोटांत घेऊन चोळलं तर साखरेची कचकच थोडी जाणवेल, ती राहू दे.

तिसरी, अंडी. एका वेळी एकच, आणि ते पूर्ण मिसळल्याशिवाय दुसरं फोडायचं नाही. मिश्रण फुटल्यासारखं, दाणेदार दिसू लागलं तर अंडी गार होती. घाबरू नका, मैद्यातला एक चमचा घालून फेटा, जुळून येतं.

चौथी, मैदा. आता फेटणं बंद. मैद्याला ओलावा मिळाला आणि तो ढवळला गेला की त्यातली प्रथिनं एकमेकांत गुंतून ग्लुटेन तयार होतं. पावाला ते हवं, केकला नको. दोन-तीन हप्त्यांत मैदा घाला, उलथनं भांड्याच्या तळाशी नेऊन वर आणा, भांडं थोडं फिरवा, पुन्हा तसंच. पांढरा मैदा दिसेनासा झाला की हात थांबवा. मिश्रण चमच्यावरून ‘थप्प’ करून पडलं पाहिजे. चिकटून बसलं तर दोन चमचे दूध.

टिनला बटर लावून बेकिंग पेपर घाला, मिश्रण ओता, वरून सपाट करा. १७० अंशांवर, मधल्या जाळीवर. साधारण ५० ते ६० मिनिटं लागतात, पण पहिला डोकावा ४५ व्या मिनिटाला, टिन फिरवायचं तेही तेव्हाच. त्याआधी दार उघडलं तर अजून न बसलेली जाळी थंड हवेने खचते आणि मधे खड्डा पडतो.

झाला की नाही कसं ओळखायचं? पहिली खूण वास. स्वयंपाकघरात बटरचा खमंग वास सुटतो तेव्हा केक झालेला असतो किंवा होत आलेला असतो. दुसरी, कडा टिनपासून केसभर सुटतात. तिसरी, मध्यभागी बोटाने हलकेच दाबलं तर खळगा लगेच भरून येतो. चौथी, बारीक काडी मधोमध घातली तर ती कोरडी किंवा एखाद-दुसरा ओलसर कण घेऊन निघते. आणि पाचवी खूण फार थोडे जण वापरतात: टिन बाहेर काढून कान जवळ न्या. आत अजून बारीक चरचर, बुडबुड्यांचा आवाज येत असेल तर ओलावा बराच बाकी आहे, पाच मिनिटं पुन्हा आत. झालेला केक जवळजवळ गप्प असतो.

वर मधोमध पडलेली भेग हा दोष नाही. कडा आधी घट्ट होतात, मधलं मिश्रण नंतर फुगतं, त्याला वाट हवी असते. लोफ टिनमधल्या केकला ती पडायचीच. कापल्यावर आत लांबट बोगदे दिसले तर मैदा घातल्यावर जास्त ढवळलं गेलं. तळाला चिकट पट्टा दिसला तर बहुधा फेटणं कमी पडलं किंवा भाजणं.

दहा मिनिटं टिनमध्ये, मग जाळीवर. हवाबंद डब्यात तीन-चार दिवस चांगला राहतो, आणि माझ्या मते दुसऱ्या दिवशीच खरा चवीला येतो.

सोडा आणि पावडर यांतला गोंधळ

हे थोडक्यात. बेकिंग सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. त्याला काम करायला आंबट काहीतरी लागतं: दही, ताक, लिंबू, मध, गूळ. आंबट नसेल तर चव साबणासारखी लागते. बेकिंग पावडरमध्ये सोडा आणि कोरडं आम्ल दोन्ही असतात, वर ओलावा शोषायला स्टार्च. पहिली अशी पावडर इंग्लंडमधल्या आल्फ्रेड बर्ड यांनी १८४३ मध्ये तयार केली, ती पत्नीला यीस्ट सोसत नव्हतं म्हणून. ताकदीला सोडा पावडरच्या तिप्पट-चौपट, त्यामुळे एकाऐवजी दुसरं तितकंच घालू नका. डबा जुना झाला असेल तर पावडर गरम पाण्यात आणि सोडा व्हिनेगरमध्ये टाकून बघा. जोरात फसफसलं तर जिवंत आहे, नाहीतर टाकून द्या.

पाव

केकमध्ये हाताला फारसं काही कळत नाही, पावात सगळं हातालाच कळतं. पाव करणारे लोक मैदा १०० धरून बाकी सगळं त्याच्या टक्क्यांत सांगतात. साध्या पावाचं गणित: पाणी ६५, मीठ २, यीस्ट १. म्हणजे ५०० ग्रॅम मैद्याला ३२५ ग्रॅम पाणी, १० ग्रॅम मीठ, ५ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट. मऊ हवा असेल तर २० ग्रॅम बटर. मैद्याच्या पाकिटावर प्रथिनांचा आकडा बघा. ११-१२ टक्क्यांच्या पुढचा पावाला चांगला, ८-९ टक्क्यांचा केकला. पाकिटावर दाण्यांचं ‘अ‍ॅक्टिव्ह ड्राय’ यीस्ट लिहिलं असेल तर ते थोडं जास्त, साधारण ६ ग्रॅम घ्या आणि आधी कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवा. फेस आला नाही तर पुढे जाऊ नका, तो पुडा मेलेला आहे.

कोमट म्हणजे किती? ३५ ते ४० अंश. मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकला तर ना गार ना गरम. ५५-६० अंशांच्या वर यीस्ट मरतं. पाणी गार असलं तर मात्र काही बिघडत नाही, फक्त वेळ लागतो. तेव्हा शंका आली तर गारच बरं.

दोन चमचे पाणी बाजूला ठेवून (मळताना पीठ कोरडं वाटलं तर घालायला) बाकी सगळं मिसळा आणि भांडं झाकून २० मिनिटं सोडून द्या. हा फुकटचा वेळ नाही. मैदा पाणी पितो आणि निम्मं मळणं आपोआप होतं. मग ओट्यावर घ्या.

तळहाताच्या टाचेने गोळा पुढे ढकला, बोटांनी मागे आणून दुमडा, गोळा चतकोर फिरवा, पुन्हा ढकला. पहिली तीन-चार मिनिटं पीठ हाताला, ओट्याला, जमलं तर कोपरालाही चिकटतं. इथेच नवशिके मूठ मूठ मैदा टाकत सुटतात आणि पाव विटेसारखा होतो. टाकू नका. खरवडणीने ओटा खरवडा आणि मळत राहा. सहाव्या-सातव्या मिनिटाला बदल होतो, तो हाताला स्पष्ट समजतो: पीठ ओट्यापासून सुटायला लागतं, वरची बाजू गुळगुळीत होते आणि ढकलल्यावर ते मागे ओढल्यासारखं परत येतं. साधारण दहा मिनिटांनी एक लिंबाएवढा तुकडा घ्या आणि दोन्ही हातांच्या बोटांनी हळूहळू ताणत जा. इतका पातळ पडदा झाला की उजेड पलीकडून दिसतो आणि तरी फाटत नाही, तर मळणं पुरे. फाटला तर तीन मिनिटं आणखी. घरात लहान मुलं असतील तर हे काम त्यांना द्या, हात नीट धुवायला लावून. फक्त कच्चं पीठ तोंडात घालू देऊ नका. कच्च्या अंड्याइतकाच कच्चा मैदाही जंतूंमुळे बाधू शकतो.

भांड्याला तेलाचा हात लावून गोळा ठेवा, वर ओलसर फडकं किंवा ताटली. २५ ते २७ अंशांच्या खोलीत दुप्पट व्हायला तास-सव्वा तास लागतो. थंडीत दोन-अडीच तासही. म्हणून ‘एक तास फुगवा’ या वाक्यावर जाऊ नका. सरळ कडांच्या भांड्यात ठेवून बाहेरून रबरबँडने खूण केली की दुप्पट कळायला सोपं जातं. कोरड्या मैद्यात बुडवलेलं बोट गोळ्यात दोन पेरं आत घाला. खड्डा तसाच राहिला तर झालं.

हवा हलकेच दाबून काढा. पीठ चौकोनी पसरा, वरची कड मधे आणून दाबा, मग खालची, आणि घट्ट गुंडाळी करून जोड खाली येईल असा टिनमध्ये ठेवा. गुंडाळी सैल राहिली तर पावात वर मोठी पोकळी पडते. आता दुसऱ्यांदा फुगवायचं, ४० ते ५० मिनिटं, आणि बोटाची परीक्षा आता थोडी वेगळी. हलकेच दाबल्यावर खळगा लगेच वर आला तर थांबा. हळूहळू अर्धवट भरला तर ओव्हनमध्ये टाका. अजिबात भरला नाही तर उशीर झाला आहे. तसाच भाजला तर तो पाव ओव्हनमध्ये खाली बसेल. टिनमधून काढून पुन्हा गुंडाळा आणि परत फुगू द्या, वाया जात नाही.

२२० अंश, ३० ते ३५ मिनिटं. पहिल्या दहा मिनिटांत पाव झपाट्याने वर येतो, तेव्हा दाराच्या काचेतून बघायला मजा येते, दार मात्र उघडू नका. वरची तांबूस साल म्हणजे प्रथिनं आणि साखर यांच्यातली ती प्रक्रिया, जिचं वर्णन फ्रेंच संशोधक मायार यांनी १९१२ मध्ये केलं. तिला साधारण १४० अंशांच्या वर जोर येतो, म्हणून पाण्यात शिजवलेल्या पिठाला कधी तो रंग किंवा वास येत नाही. पाव बाहेर काढा, उलटा करा आणि तळाला बोटाच्या पेराने वाजवा. पोकळ, टकटक आवाज आला तर झाला. दबका आवाज आला तर टिनशिवाय पाच मिनिटं जाळीवर. आतलं तापमान मोजायची सोय असेल तर ९३ ते ९६ अंश.

आणि आता अवघड भाग. तासभर कापायचा नाही. गरम पावात वाफ असते, आतलं पीठ अजून घट्ट बसत असतं. कापला तर सुरीला चिकटून गोळा होतो. घरात कुणी ऐकत नाही हे मला माहीत आहे. निदान अर्धा तास तरी लपवून ठेवा.

एक सोय आणखी सांगते. यीस्ट २ ग्रॅमवर आणा, मळून झाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा आणि सकाळी गुंडाळून फुगवा. थंडीत यीस्ट सावकाश चालतं, चव खुलते आणि नोकरी करणाऱ्याला सुटीची पूर्ण दुपार त्यापायी घालवावी लागत नाही.

उरलेल्या पावाचं

पाव फ्रिजमध्ये ठेवू नका. शिळा होणं म्हणजे नुसतं सुकणं नव्हे. भाजताना मऊ झालेला स्टार्च पुन्हा कडक रचनेत जातो, आणि फ्रिजच्या तापमानाला ते सर्वांत वेगाने होतं. दोन दिवसांचा बाहेर कापडात, बाकीचा स्लाइस करून फ्रीझरमध्ये.

तरी उरतोच. मग त्याचं पुडिंग करा. टिनमध्ये शिळे तुकडे पसरा. अर्धा लिटर दूध, तीन अंडी, ८० ग्रॅम साखर एकत्र करून वर ओता आणि अर्धा तास भिजू द्या. १६५ अंशांवर ४० ते ४५ मिनिटं. टिन हलवल्यावर मधला भाग किंचित थरथरला पाहिजे. तो पूर्ण घट्ट होईपर्यंत थांबलात तर अंडं आवळून पाणी सोडतं. काढल्यावरही आतली उष्णता थोडा वेळ शिजवत असते, त्यामुळे थोडं आधीच काढायचं.

दुसरं, पोटभरीचं: ५० ग्रॅम बटरमध्ये ५० ग्रॅम मैदा मंद आचेवर दोन मिनिटं परता, रंग येऊ देऊ नका, मग अर्धा लिटर दूध थोडं थोडं घालत ढवळत राहा. चमच्याच्या पाठीवर थर बसला आणि त्यातून बोट ओढल्यावर रेघ तशीच राहिली की पांढरा सॉस तयार. उकडलेल्या भाज्या किंवा पास्ता त्यात मिसळा, मीठ-मिरी आणि चीज घाला, वर शिळ्या पावाचा चुरा बटरमध्ये चोळून पसरा आणि २०० अंशांवर कडेने बुडबुडे येईपर्यंत भाजा. आजारातून उठलेल्या माणसाला आणि परीक्षेहून आलेल्या पोराला हे सारखंच आवडतं.

गोड झटपट हवं असेल तर मैदा, बटर, साखर दोनास एकास एक. २०० ग्रॅम मैद्यात १०० ग्रॅम गार बटर बोटांच्या टोकांनी चुरडा, १०० ग्रॅम साखर मिसळा, चिरलेल्या फळांवर पसरा आणि १८० अंशांवर पाऊण तास. इथे मात्र बटर गारच हवं.

घरातली जुनी पाककृती उतरवताना

जुन्या वह्यांतल्या नोंदी पाहिल्या तर हसू येतं: ‘अंड्याएवढं बटर’, ‘लागेल तेवढा मैदा’, ‘मध्यम ओव्हनमध्ये होईपर्यंत ठेवणे’. यातल्या बऱ्याच गोष्टी सोडवता येतात. अंड्याएवढं बटर म्हणजे ५०-६० ग्रॅम. मंद ओव्हन म्हणजे १५० च्या आसपास, मध्यम म्हणजे १७५ ते १९०, कडक म्हणजे २०० च्या पुढे. ब्रिटिश पाककृतींत गॅस मार्क, म्हणजे गॅस ओव्हनच्या खुंटीवरचा आकडा, असतो. ४ म्हणजे १८०, आणि प्रत्येक आकड्याला साधारण १४ अंश वाढतात. फॅरनहाइट असेल तर ३२ वजा करून ५ ने गुणा, ९ ने भागा. ३५० म्हणजे सुमारे १७७.

टिनचंही गणित असतं. २० सेंटिमीटरच्या गोल टिनचं क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटिमीटर, तेवढ्याच चौकोनी टिनचं ४००. चौकोनी टिनची पाककृती गोल टिनमध्ये करायची तर २३ सेंटिमीटरचं घ्या, मग जवळजवळ जुळतं.

पण ज्यांच्या हातचा पदार्थ आहे ती व्यक्ती घरात असेल, तर वहीपेक्षा त्यांच्याशेजारी उभं राहणं शंभर पटींनी बरं. फक्त ‘किती घातलंत?’ असं विचारू नका. विचारलं की त्या थबकतात, विचार करतात आणि चुकीचं सांगतात. त्याऐवजी मैद्याचा डबा, साखरेचा डबा, बटरचं पाकीट आणि दुधाचं भांडं सुरुवातीलाच काट्यावर ठेवून वजन लिहा. मग त्यांना त्यांच्या पद्धतीने करू द्या, मूठ घालू दे, परत घालू दे. संपल्यावर तेच डबे पुन्हा काट्यावर ठेवा आणि वजा करा. पाककृती हाती आली, कुणालाही न अडवता.

त्या काम करत असताना तुम्ही आकडे नका लिहू, लक्षणं लिहा. पिठाला बोट लावून त्या काय बघतात, ओव्हनजवळ कधी जातात, दार किती उघडतात, ‘अजून थोडं’ म्हणतात तेव्हा वर कसला रंग असतो. जमलं तर त्या टप्प्यांवर मिश्रणाचे फोटो काढून ठेवा, कारण ‘सैलसर’ हा शब्द दोन माणसांच्या डोक्यात दोन प्रकारचा असतो. घरी पहिल्यांदा करताना त्याच आकाराचं टिन घ्या आणि काहीही बदलू नका. साखर कमी, कणीक जास्त, बटरऐवजी तेल, हे पुढच्या खेपेला, आणि एका वेळी एकच. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर काय कशामुळे झालं ते कळत नाही. वहीत तारीख, टिन, ओव्हनचा आकडा, थर्मामीटरचा आकडा आणि हवा थंड होती की गरम, एवढं जरूर टिपून ठेवा. पावाच्या बाबतीत शेवटची नोंद सर्वांत उपयोगी पडते.